विश्लेषण : मंत्र्याचे ‘खासगी’ पत्र नेमके कोणाचे? पामरस्टन यांच्या टपालापासून व्हॉट्सॲपपर्यंत…

मंत्रिपदावर असताना लिहिलेले पत्र सरकारचे, की लिहिणाऱ्याच्या घरचे? गेल्या काही वर्षांत दिल्लीत पंडित नेहरूंच्या कागदपत्रांवरून, लंडनमध्ये व्हॉट्सॲप संदेशांवरून आणि वॉशिंग्टनमध्ये ‘सिग्नल’वरील एका गटावरून हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर आला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे परराष्ट्र खाते सांभाळणारे लॉर्ड पामरस्टन यांच्या पत्रव्यवहारात या प्रश्नाचे बहुतेक सगळे पैलू दिसतात. ही पत्रे काय सांगतात आणि आजच्या वादांशी त्यांचा संबंध काय, याचा हा आढावा.

सध्याचा वाद काय आहे?

दिल्लीच्या तत्कालीन नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयातून २००८ मध्ये नेहरूंच्या कागदपत्रांचे ५१ खोके सोनिया गांधी यांच्याकडे परत गेले. ही खासगी कौटुंबिक पत्रे असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. ही संस्था आता ‘पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय’ या नावाने ओळखली जाते. संस्थेचे सदस्य आणि इतिहास संशोधक रिझवान कादरी यांनी २०२४ मध्ये आधी सोनिया गांधी आणि नंतर राहुल गांधी यांना पत्र लिहून ही कागदपत्रे, किंवा निदान त्यांच्या प्रती, परत देण्याची विनंती केली. डिसेंबर २०२५ मध्ये हा विषय संसदेतही गाजला. कागदपत्रे ‘गहाळ’ नाहीत, ती कोठे आहेत हे माहीत आहे, असे स्पष्टीकरण केंद्र सरकारने दिले.

या खोक्यांमध्ये एडविना माउंटबॅटन यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही असल्याचे सांगितले जाते. एडविना यांच्या बाजूची पत्रे इंग्लंडमध्ये आहेत, आणि त्यांच्यावरूनही तिथे खटला झाला. एडविना ज्या ‘ब्रॉडलँड्स’ वाड्याच्या मालकीण होत्या, तो वाडा शंभर वर्षांपूर्वी पामरस्टन यांचा होता. त्यामुळे पामरस्टन यांची पत्रे आणि माउंटबॅटन दाम्पत्याची कागदपत्रे आज एकाच संग्रहाचा भाग आहेत.

पामरस्टन कोण होते?

हेन्री जॉन टेम्पल, तिसरे व्हायकाउंट पामरस्टन (१७८४-१८६५). १८३० ते १८३४, १८३५ ते १८४१ आणि १८४६ ते १८५१ असे तीन वेळा ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. पुढे ते दोनदा पंतप्रधान झाले आणि पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. बेल्जियमचे स्वातंत्र्य, पहिले अफगाण युद्ध, चीनशी झालेले पहिले अफू युद्ध, १८४८ च्या युरोपातील क्रांत्या या सगळ्या काळात ब्रिटनच्या परराष्ट्र धोरणाची सूत्रे प्रामुख्याने त्यांच्या हातात होती.

ते स्वतः भरपूर लिहीत आणि कारकुनांनी व वकिलातींनी सुवाच्य लिहावे यासाठी त्यांना धारेवर धरत. फिकट शाई आणि गिचमिड अक्षर यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

सरकारी खलिता आणि खासगी पत्र यांत फरक काय होता?

परराष्ट्र खात्यातून परदेशातील राजदूताकडे दोन प्रकारचे टपाल जाई. पहिला प्रकार सरकारी खलित्याचा. त्यावर क्रमांक असे, त्याची नक्कल खात्यात राही, मसुदा पंतप्रधान आणि राणी यांच्या नजरेखालून जाणे अपेक्षित असे आणि पुढेमागे तो संसदेपुढे ठेवला जाण्याची शक्यता असे. दुसरा प्रकार खासगी पत्राचा. मंत्री ते राजदूताला व्यक्तिशः लिही. त्याची नोंद खात्याच्या दफ्तरात होईलच असे नव्हते आणि पद सोडताना मंत्री ही पत्रे स्वतःबरोबर घरी नेई.

दोन्ही पत्रे अनेकदा एकाच दिवशी, एकाच थैलीतून निघत. खलित्यात सरकारची औपचारिक भूमिका असे, तर ती कितपत ताणायची, समोरच्या दरबारातील कोणावर विश्वास ठेवायचा आणि मंत्र्याला प्रत्यक्षात काय हवे आहे, हे खासगी पत्रातून कळे. कोणती गोष्ट कोणत्या कागदावर लिहायची हे ठरवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लिहिणारा मंत्री.

मग खासगी पत्रे ही केवळ लपवाछपवी होती का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्रिटिश सरकार परराष्ट्र व्यवहारातील निवडक खलिते छापून संसदेपुढे ठेवत असे. निळ्या वेष्टनामुळे या पुस्तिकांना ‘ब्लू बुक’ म्हणत. आपण आज लिहिलेले मत उद्या छापून येईल आणि ज्या राजाच्या दरबारात आपण आहोत तोच ते वाचेल, ही धास्ती राजदूतांना असे. त्यामुळे स्पष्ट मतप्रदर्शनासाठी खासगी पत्र हाच सोयीचा मार्ग होता. पारदर्शकतेसाठी सुरू झालेल्या प्रथेमुळे खरी चर्चा तिच्या कक्षेबाहेर गेली. माहिती अधिकाराच्या काळात अधिकारी फायलीवर कमी लिहितात आणि फोनवर जास्त बोलतात, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचाच हा जुना अवतार.

आणि जे छापले जाई, तेही पूर्ण असेच असे नाही. अलेक्झांडर बर्न्स हे काबूलमधील ब्रिटिश दूत होते. अमीर दोस्त महंमदशी जुळवून घ्यावे, असे त्यांचे मत होते. सरकारने मात्र त्याला पदच्युत करण्यासाठी अफगाणिस्तानात फौजा घातल्या. १८३९ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत बर्न्स यांच्या खलित्यांतील दोस्त महंमदच्या बाजूचा मजकूर कापलेला होता. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलमधील उठावात बर्न्स मारले गेले. नंतर माघार घेणारी ब्रिटिश फौज जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. बर्न्स यांचे संपूर्ण खलिते प्रसिद्ध व्हायला १८५९ साल उजाडले. मार्च १८६१ मध्ये या काटछाटीवर कॉमन्स सभागृहात चर्चा झाली. ही काटछाट नेमकी कोणी केली, असा सवाल जॉन ब्राइट यांनी केला. तोवर पंतप्रधान झालेल्या पामरस्टन यांनी सरकारच्या जुन्या निर्णयाचे समर्थन केले. युद्धाचा निर्णय योग्य की अयोग्य हे ठरवताना संसदेपुढे अर्धाच कागद होता, हे वीस वर्षांनी सिद्ध झाले. तोवर मेलेली माणसे परत येणार नव्हती.

मुंबईशी या पत्रव्यवहाराचा संबंध कसा?

चीनशी झालेल्या पहिल्या अफू युद्धामुळे. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. या व्यापारातील बडे नाव सर जमशेटजी जीजीभॉय यांचे होते. जे. जे. रुग्णालयामुळे ते आजही मुंबईकरांच्या ओळखीचे आहेत. कँटनमधील त्यांचे भागीदार विल्यम जार्डिन १८३९ मध्ये लंडनला परतले, पामरस्टन यांना भेटले आणि चीनविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांनी माहिती व सूचना पुरवल्या. १८४२ मध्ये पामरस्टन यांनी बँकर आणि खासदार जॉन एबल स्मिथ यांना लिहिलेल्या पत्रात, स्मिथ आणि जार्डिन यांनी दिलेल्या माहितीचा मोहिमेसाठी मोठा उपयोग झाल्याची कबुली दिली. अफूच्या व्यापाऱ्याचे ऋण मंत्र्याने इतक्या मोकळेपणाने मान्य केले, ते खासगी पत्रात.

त्याच युद्धातील दुसरे पत्र अधिक प्रसिद्ध आहे. चीनमधील ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन चार्ल्स एलियट यांनी जानेवारी १८४१ मध्ये केलेल्या तडजोडीत हाँगकाँग बेट मिळवले. पामरस्टन यांना ही प्राप्ती फारच तुटपुंजी वाटली. एप्रिल १८४१ मधील खासगी पत्रात त्यांनी एलियट यांची कडक हजेरी घेतली. हाँगकाँग म्हणजे धड घरेही नसलेले ओसाड बेट, तिथे कधी व्यापारपेठ उभी राहणार नाही, असा त्या पत्राचा सूर होता. एलियट यांना परत बोलावण्यात आले. एखादा मंत्री आतून कसा विचार करत होता, किती चुकत होता, हे इतक्या थेटपणे क्वचितच कळते.

राणीशी खटका का उडाला?

राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांची तक्रार अशी होती की, खलित्यांचे मसुदे त्यांच्याकडे उशिरा येतात, कधी पाठवून झाल्यावर येतात, तर कधी मंजुरीनंतर बदलले जातात. पामरस्टन यांचा बचाव कामाच्या ओझ्याचा होता. १८४८ या एका वर्षात आलेले आणि गेलेले मिळून सुमारे २८ हजार खलिते खात्याने हाताळले, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १८५० मध्ये राणीने लेखी समज दिली. प्रत्येक प्रकरणात काय करायचे आहे ते मंत्र्याने आधी स्पष्ट सांगावे आणि एकदा मंजुरी मिळाल्यावर त्यात परस्पर बदल करू नये, अशा तिच्या दोन अटी होत्या.

अखेर ठिणगी पडली ती पॅरिसमुळे. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने उठाव करून सत्ता ताब्यात घेतली. ब्रिटिश मंत्रिमंडळाने तटस्थ राहण्याचे ठरवले आणि राजदूत लॉर्ड नॉर्मनबी यांना तसा खलिता गेला. ते हा निरोप घेऊन फ्रेंच परराष्ट्रमंत्र्यांकडे गेले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की, पामरस्टन यांनी उठावाला मान्यता असल्याचे लंडनमधील फ्रेंच राजदूत वालेव्स्की यांना आधीच सांगितले आहे. आपल्याच सरकारचा खरा निरोप राजदूताला परक्या मंत्र्याकडून कळला होता.

ते आपले वैयक्तिक मत होते, असा पामरस्टन यांचा खुलासा होता. तो पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांना पटला नाही. परराष्ट्रमंत्र्याने परदेशी राजदूताजवळ व्यक्त केलेले मत ‘वैयक्तिक’ असू शकते का, हाच मुद्दा होता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पामरस्टन यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले. फेब्रुवारी १८५२ मध्ये रसेल यांनी राणीची १८५० ची समज कॉमन्समध्ये वाचून दाखवली. त्याच महिन्यात पामरस्टन यांनी एका विधेयकावर रसेल यांचे सरकार पाडून परतफेड केली.

राजवाड्याची बाजूही निर्मळ नव्हती. राणी आणि अल्बर्ट स्वतः बेल्जियमचे राजे लिओपोल्ड आणि इतर राजघराण्यांतील नातलगांशी राजकारणावर खासगी पत्रव्यवहार करत. नॉर्मनबी यांचे बंधू कर्नल फिप्स अल्बर्ट यांच्या सेवेत होते. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापले खासगी टपाल होते. तक्रार होती ती फक्त दुसऱ्याच्या टपालाची.

ही पत्रे पुढे कोठे गेली?

परराष्ट्र खात्याचे खलिते आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात क्रमवार लावलेले आहेत. मंत्र्यांची खासगी पत्रे मात्र विखुरली. लॉर्ड क्लॅरेंडन यांची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात गेली, लॉर्ड अ‍ॅबरडीन यांची ब्रिटिश लायब्ररीत, आणि लॉर्ड सॉल्झबरी यांची त्यांच्या घराण्याच्या हॅटफिल्ड हाऊसमध्ये राहिली.

पामरस्टन यांना वारस नव्हता. ब्रॉडलँड्स वाडा सावत्र मुलाकडे आणि नंतर ईव्हलिन ॲशली यांच्याकडे गेला. ॲशली हे पामरस्टन यांच्या पत्नीचे नातू आणि त्यांचे खासगी सचिव. पामरस्टन यांचे पहिले मोठे चरित्र लॉर्ड डॉलिंग यांनी सुरू केले आणि ॲशली यांनी पूर्ण केले. डॉलिंग हेही पामरस्टन यांच्या हाताखालचे राजदूत होते. म्हणजे कोणते पत्र जगापुढे आणायचे आणि कोणते पेटीत ठेवायचे, हे आधी सहकाऱ्यांनी आणि नातलगांनी ठरवले. एडविना या ईव्हलिन ॲशली यांची नात. त्यामुळे वाडा आणि पेट्या माउंटबॅटन कुटुंबाकडे आल्या.

माउंटबॅटन प्रकरणात काय झाले?

सुमारे साडेचार हजार पेट्यांचा हा ‘ब्रॉडलँड्स संग्रह’ साउदॅम्प्टन विद्यापीठाने सुमारे २८ लाख पौंडांना विकत घेतला. त्यासाठी सार्वजनिक निधीचाही वापर झाला. तरीही लॉर्ड माउंटबॅटन यांच्या रोजनिशा आणि काही पत्रे बंद राहिली. चरित्रकार अँड्र्यू लाउनी यांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली लढा दिला. माहिती आयुक्तांनी २०१९ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा विद्यापीठ आणि ब्रिटनचे कॅबिनेट कार्यालय अपिलात गेले. नोव्हेंबर २०२१ मधील सुनावणीच्या सुमारास बहुतांश मजकूर खुला झाला. या लढाईत सरकारी बाजूने सहा लाख पौंडांहून अधिक खर्च झाला, असे वृत्त आहे.

नेहरू-एडविना पत्रव्यवहाराच्या ३३ फायली मात्र बंदच राहिल्या. त्या विद्यापीठाच्या कपाटात आहेत, पण केवळ सांभाळण्यासाठी, हा युक्तिवाद न्यायाधिकरणाने मान्य केला. म्हणजे एका बाजूची पत्रे साउदॅम्प्टनमध्ये बंद आणि दुसरी बाजू दिल्लीच्या संग्रहातून बाहेर, अशी आजची स्थिती आहे.

व्हॉट्सॲपच्या काळात कायदा काय सांगतो?

अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ मध्ये कायदा झाला आणि अध्यक्षांची कारभारविषयक कागदपत्रे देशाच्या मालकीची ठरली. तोवर ती अध्यक्षांची खासगी मालमत्ता मानली जात. खासगी ई-मेलवरून सरकारी काम केले, तर त्याची प्रत २० दिवसांत सरकारी यंत्रणेत पोहोचली पाहिजे, अशी तरतूद तिथे २०१४ मध्ये झाली. तरीही मार्च २०२५ मध्ये येमेनवरील हल्ल्याची चर्चा मंत्र्यांच्या ‘सिग्नल’ गटावर सुरू असल्याचे उघड झाले. कारण एका पत्रकाराला चुकून त्या गटात घेतले गेले होते.

ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांनी २०११ मध्येच स्पष्ट केले होते की, सरकारी कामाचा मजकूर खासगी खात्यात असला तरी तो माहिती कायद्याखाली येतो. करोना चौकशीत बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सॲप संदेश जसेच्या तसे देण्यास सरकारने विरोध केला. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. ऋषी सुनक यांनी मात्र चौकशीत सांगितले की, अनेकदा फोन बदलल्याने त्या काळातील संदेश आपल्याकडे उरलेले नाहीत.

पामरस्टन आणि आजचे मंत्री यांच्यातला मोठा फरक इथे दिसतो. पामरस्टन यांनी पत्रे घरी नेली, पण ती जपली. मंत्र्याच्या पेटीतला कागद शंभर वर्षांनी तरी वाचता येत होता. ‘आपोआप पुसले जाणारे संदेश’ सुरू असलेल्या फोनमधून पुढच्या पिढीच्या हाती काहीच लागणार नाही.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा. केंद्राच्या कायद्यानुसार सरकारी अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणे किंवा परवानगीविना देशाबाहेर नेणे हा गुन्हा असून, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खासगी कागदपत्रे मात्र देणगी, खरेदी अशा मार्गांनीच राष्ट्रीय अभिलेखागारात येऊ शकतात, म्हणजे ती घराण्याच्या इच्छेवर अवलंबून आहेत. पंतप्रधानाने बहिणीला, मित्राला किंवा परदेशी मान्यवराला लिहिलेले पत्र कोणत्या गटात धरायचे, याचा निवाडा आधी कोणी करायचा, हा प्रश्न मोकळाच राहतो.

मग पत्र कोणाचे?

दोन टोकाची उत्तरे सोपी आहेत. सगळे खुले करा म्हटले, तर राजदूत आणि मंत्री स्पष्ट लिहिणे थांबवतील आणि घरगुती दुःखेही चव्हाट्यावर येतील. सगळे घराण्याचे म्हटले, तर बर्न्स यांच्या खलित्यांसारखी काटछाट कधी उघडच होणार नाही. पामरस्टन यांच्या अनुभवातून दिसते ते असे की, कागदावर ‘खासगी’ लिहिले आहे का, तो कोणाच्या पेटीत किंवा फोनमध्ये आहे, यावरून काही ठरत नाही. त्यातून सरकारचा निर्णय घडला का, हे पाहावे लागते. एलियट यांना लिहिलेले पत्र खासगी होते, पण त्याचा विषय एका युद्धाचा निकाल होता.

आणि हे कोणी पाहायचे, हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. मंत्र्याने पद सोडताना स्वतःच निवड केली, किंवा वारसांनी नंतर केली, तर १८५१ पासून काहीच बदलले नाही असे होईल. सरकारने केली, तर सत्ताधारी बदलला की निकषही बदलतील. स्वतंत्र अभिलेख अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत वर्गवारी करावी, निव्वळ कौटुंबिक मजकूर घराण्याकडे द्यावा आणि उरलेला ठरावीक वर्षांनी खुला करावा, असा मधला मार्ग उपलब्ध आहे. तो मार्ग कायद्यात येत नाही, तोवर दिल्लीतील खोक्यांचा वाद पत्रांत काय आहे यापेक्षा ती कोणाच्या ताब्यात आहेत, यावरच रंगत राहील.